बूस्टचा काटा काय सांगतो

२००२ ते २००६ या वर्षांत विकली गेलेली आणि ब्रिटनमधील ऑक्सफर्डच्या कारखान्यात बांधली जाणारी मिनी कूपर एस ही मोटार आकाराने लहान असली, तरी तिच्या बोनेटखालची रचना तिच्या वर्गातील इतर गाड्यांपेक्षा वेगळी होती. तिचे १५९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन ब्राझीलमधील कुरितिबा शहराजवळच्या ट्रायटेक या क्रायस्लर व बीएमडब्ल्यू यांच्या भागीदारीतील कारखान्यातून येत असे, आणि त्याला ईटन कंपनीचा एम४५ जातीचा सुपरचार्जर जोडलेला असे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून सिलिंडरांमध्ये जादा हवा कोंबणारा पंप. टर्बोचार्जरही तेच काम करतो, परंतु त्याला लागणारी शक्ती धुराच्या प्रवाहातून मिळते, तर सुपरचार्जर ती थेट क्रँकशाफ्टकडून घेतो आणि म्हणून इंजिनाच्या फेऱ्यांशी कायमचा बांधलेला राहतो. सुपरचार्जर नसलेल्या साध्या मिनी कूपरमध्ये याच मापाचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्ती देत असे, तर एस आवृत्तीत ती १६३ व २००४ नंतर १७० झाली. कोंबलेल्या हवेमुळे पेट्रोल वेळेआधी पेटू नये यासाठी सिलिंडरातील संपीडनाचे गुणोत्तर १०.६ वरून ८.३ वर आणावे लागले होते.

या गाडीत चालकासमोर फेऱ्यांची तबकडी आणि डॅशबोर्डच्या मध्यभागी वेगाची भलीमोठी तबकडी होती. सुपरचार्जर हवेवर किती दाब निर्माण करतो आहे हे सांगणारा काटा मात्र नव्हता. ही कारखान्याची हयगय नव्हती. सुपरचार्जरची पुली किती व्यासाची आहे, तिच्यामुळे कोणत्या फेऱ्यांना किती हवा येणार आणि त्या हवेला किती पेट्रोल लागणार, हे सगळे अभियंत्यांनी आधीच मोजून इंजिनाच्या संगणकात भरलेले होते, आणि जोवर यांतले काही बदलत नाही तोवर चालकाला ते आकडे पाहण्याची गरज नव्हती. बदल घडला तो मालकांच्या हातून. मूळ पुलीऐवजी १५, १७ किंवा १९ टक्के लहान पुली बसवणे हा या गाडीच्या शौकिनांमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लोकप्रिय फेरफार ठरला. १९ टक्के लहान पुलीमुळे पंप त्याच इंजिन-फेऱ्यांना सुमारे २३ टक्के अधिक वेगाने फिरतो. पुली बदलल्याक्षणी कारखान्याची आकडेमोड कालबाह्य होते, आणि जादा मापकांचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

बाजारात स्वतंत्रपणे मिळणारी ही मापके साधारणतः ५२ मिलिमीटर व्यासाची असतात. अमेरिकी मापात हाच व्यास दोन पूर्णांक एक सोळांश इंच म्हणून ओळखला जातो. अमेरिकेची ऑटो मीटर, जर्मनीची व्हीडीओ, जपानच्या निप्पॉन सेइकीची डेफी अशी त्यांची अनेक नावे आहेत, आणि त्यांच्या जाहिरातींत हमखास पुढे असते ते बूस्टचे मापक. बूस्ट म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा वर चढलेला दाब. त्याचा काटा ॲक्सिलरेटर दाबताच झेप घेतो, त्यामुळे तो बघायला मजा येते, आणि बहुतेक मालक पहिली खरेदी त्याचीच करतात. परंतु इंजिन वाचवण्याच्या दृष्टीने पाहिले, तर सर्वांत देखण्या या काट्याची साक्ष एकट्याने घेतल्यास सर्वांत संदिग्ध असते. असे का, हे समजण्यासाठी पंपाच्या पोटात डोकवावे लागते.

दाब म्हणजे हवा नव्हे

एम४५ हा रूट्स पद्धतीचा पंप आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, ते भट्ट्यांना वारा घालण्यासाठी आणि खाणींत हवा खेळवण्यासाठी वापरले जात असे. गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्ये इंजिनात दाबाखाली हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या विक्रीच्या मोटारी मांडल्या, तोवर हे यंत्र साठीचे झाले होते. त्यात एकमेकांत गुंतून उलट दिशांना फिरणारे दोन रोटर असतात, आणि ते हवेचे कप्पे एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे नुसते वाहून नेतात. येथे एक बाब वारंवार विसरली जाते, ती अशी की रूट्स पंप हवेला स्वतःच्या पोटात दाबत नाही. तो इंजिनाला घेता येईल त्यापेक्षा अधिक हवा पुढे ढकलतो, आणि ती हवा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यात, तुंबल्यामुळे दाब निर्माण होतो.

एम४५ या नावातील ४५ हा आकडा एका फेरीत वाहून नेल्या जाणाऱ्या हवेचे घनइंचांतील माप आहे, म्हणजे सुमारे ७३७ घनसेंटिमीटर. चार धावांचे इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते, त्यामुळे मिनीचे इंजिन दर फेरीला सुमारे ८०० घनसेंटिमीटर हवा घेऊ शकते. पंप क्रँकच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरत असल्याने तो त्याच वेळात १४७४ घनसेंटिमीटर हवा आणून टाकतो. या दोन आकड्यांचे गुणोत्तर १.८ च्या आसपास येते, आणि रोटरांच्या फटींतून होणारी गळती व हवा तापल्याने वाढणारा दाब यांची वजाबाकी-बेरीज होऊन मूळ पुलीवर जो बूस्ट दिसतो तोही साधारण ०.८ बार, म्हणजे सुमारे १२ पीएसआय, असतो.

दाब तुंबण्यातून येतो हे एकदा लक्षात घेतले, की काट्याचे बरेचसे कोडे सुटते. बागेला पाणी घालणाऱ्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला, तर नळीतला दाब वाढतो, पण पाणी कमी येते. तसेच धुराच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला, तर सिलिंडर नीट रिकामे होत नाहीत, हवा मागे साचते आणि बूस्टचा काटा नेहमीपेक्षा वर जातो, जरी गाडी ओढायला मंदावलेली असली तरी. उलट सिलिंडर हेड घासूनपुसून मोकळे केले किंवा मोठ्या व्यासाचा सायलेन्सर बसवला, तर तीच पुली असूनही काटा खाली येतो, आणि शक्ती मात्र वाढलेली असते. टर्बोच्या गाडीवरून सुपरचार्जरकडे वळलेल्या माणसाला हा प्रकार विशेष गोंधळात टाकतो, कारण टर्बोमध्ये दाब नियंत्रित करणारी झडप ठरावीक आकड्यावर काम करते, सुपरचार्जरमध्ये तसे काही नसते.

दाबाचा आकडा आणखी एका कारणाने अर्धवट असतो, ते म्हणजे तापमान. हवा दाबली की तापते. २७ अंश सेल्सियसची हवा १.८ पट दाबापर्यंत आदर्श रीतीने दाबली, तर ती सुमारे ५५ अंशांनी तापेल. रूट्स पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर ही वाढ ९० अंशांवर जाते, म्हणजे पंपातून बाहेर पडणारी हवा ११८ अंशांच्या आसपास असते. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे दाब १.८ पट झाला तरी हवेची घनता, आणि सिलिंडरात जाणाऱ्या प्राणवायूचे प्रमाण, जेमतेम १.४ पटच वाढते. मिनीच्या इंजिनावर आडवा बसवलेला आणि बोनेटवरच्या खाचेतून वारा घेणारा इंटरकूलर, म्हणजे दाबलेल्या हवेचा रेडिएटर, ती हवा ६० अंशांवर आणू शकला, तर हेच प्रमाण १.६ पर्यंत पोहोचते. बूस्टचा काटा दोन्ही वेळा जवळपास एकाच जागी असतो.

म्हणून इनटेकमधल्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ बसवावा लागतो. या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो, म्हणजे तापल्यावर ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा मणी. तो उघड्या जाळीचा असेल तर हवेचे तापमान चटकन दाखवतो, पितळी टोपीत बंद असेल तर ती धातूची टोपी तापण्यात व निवण्यात वेळ जातो आणि काटा रेंगाळतो. सिग्नलला उभ्या असलेल्या मिनीत खालच्या इंजिनाची धग वर चढून इंटरकूलर भाजतो, त्यामुळे हिरवा दिवा लागल्यावर पहिल्या काही क्षणांत दिसणारा आकडा नेहमीच भीतीदायक असतो. खरा प्रश्न तो किती वेळात खाली उतरतो हा आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यानंतर वर्षभरात आलेल्या पाच लिटरच्या व्ही-आठ सुपरचार्जर इंजिनात ही हवा पाण्याने गार केली जाते, आणि ते पाणी फिरवण्यासाठी वेगळा विजेचा पंप असतो. अशा रचनेत तो छोटा पंप मुकाट बंद पडला, तर बूस्ट, इंजिनाचे तापमान आणि तेलाचा दाब हे तिन्ही काटे बराच वेळ सुखरूप दिसत राहतात आणि बिघाडाची पहिली खूण हवेच्या तापमानात उमटते.

बूस्टचे मापक आतून दोन प्रकारांचे असते. फ्रेंच कारागीर यूजेन बूर्दों याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या वाकड्या, चपट्या धातूच्या नळीत दाब शिरला की ती थोडी सरळ होते आणि दातेरी चाकांमार्फत काटा फिरवते. यांत्रिक मापक म्हणजे हेच, आणि त्यासाठी मॅनिफोल्डपासून डॅशबोर्डपर्यंत बारीक नळी न्यावी लागते. विजेच्या मापकात सेन्सर बोनेटखाली राहतो आणि आत फक्त तारा येतात. दोहोंपैकी काहीही निवडले, तरी नळी कुठून काढली हा प्रश्न सारखाच महत्त्वाचा राहतो. मिनीत हवेचा मार्ग फिल्टर, थ्रॉटल, सुपरचार्जर, इंटरकूलर आणि मॅनिफोल्ड असा आहे. थ्रॉटल पंपाच्या आधी येत असल्यामुळे थ्रॉटल आणि पंप यांच्यामधल्या जागेतून नळी काढली, तर काटा पोकळी किंवा शून्य यापलीकडे कधीच जात नाही, आणि बसवणाऱ्याला सुपरचार्जर निकामी असल्याचा भास होतो. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या नळीला फाटा फोडण्याचा सोपा मार्गही टाळावा, कारण तिथे एकाच दिशेने हवा सोडणारी झडप असते आणि ब्रेकमध्ये गळतीचा धोका ओढवून घेण्याइतके हे मापक मोलाचे नाही.

योग्य जागी जोडलेला काटा मंद फेऱ्यांवर शून्याच्या खाली, उणे ०.६ ते ०.७ बारच्या दरम्यान असतो, कारण थ्रॉटल बंद असताना सिलिंडर हवा ओढतात आणि मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. या स्थितीत सुपरचार्जरची बायपास झडप उघडी असते आणि पंपाने पुढे ढकललेली हवा परत त्याच्याच तोंडाशी येते, जेणेकरून तो निष्कारण भार ओढत बसू नये. थ्रॉटल उघडून पोकळी नाहीशी झाली की झडप मिटते आणि काटा शून्य ओलांडतो. सगळ्याच फेऱ्यांवर बूस्ट कमी असेल, तर इंटरकूलरचे रबरी जोड निसटलेले असणे, बायपास झडप पुरती न मिटणे किंवा फिल्टर मळलेला असणे ही कारणे आधी तपासावीत. काटा मधल्या फेऱ्यांपर्यंत नीट चढून शेवटच्या हजार-दीड हजार फेऱ्यांत गळपटत असेल, तर बहुधा पट्टा घसरतो आहे. लहान पुलीभोवती पट्ट्याचा वेढा कमी पडत असल्याने आणि पट्टा तितक्याच प्रमाणात आखूड न घेतल्याने हे विशेषतः घडते.

उंचीचाही हिशेब ठेवावा लागतो. सुपरचार्जर आजूबाजूच्या हवेला ठरावीक पटीने दाबतो, त्यामुळे समुद्रसपाटीवर जो पंप ०.८ बार बूस्ट देतो, तोच महाबळेश्वरच्या उंचीवर, जिथे हवेचा दाब सुमारे ८६ किलोपास्कल म्हणजे ०.८६ बार असतो, ०.७ बारच्या खालीच थांबेल, आणि त्यात बिघाड काहीच नसेल.

मिश्रण आणि इंधनाचा दाब

इंजिन फुटते ते बहुधा बूस्टने नव्हे, तर त्या बूस्टला पुरेसे पेट्रोल न मिळाल्याने. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. या नेमक्या प्रमाणाला लँब्डा एक असे म्हणतात. लँब्डा एकापेक्षा जास्त असेल तर मिश्रण विरळ, कमी असेल तर समृद्ध. भाराखाली असताना सुपरचार्जरच्या इंजिनाला मुद्दाम समृद्ध मिश्रण दिले जाते, साधारणपणे लँब्डा ०.७८ ते ०.८२, म्हणजे पेट्रोलच्या हिशेबात साडेअकरा ते बारा भाग हवा, कारण जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते आणि सिलिंडरातले मिश्रण ठिणगीच्या आज्ञेबाहेर आपोआप पेटण्याचा धोका कमी होतो. या आपोआप पेटण्याला मेकॅनिक ठोकणे म्हणतात. ते थोडे असेल तर संगणक ठिणगी उशिरा पाडून सावरतो, सतत असेल तर पिस्टनच्या कडा वितळतात.

हे प्रमाण मोजण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजनचा सेन्सर लागतो. बॉशने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत प्रथम आला, परंतु तो अरुंद पट्ट्याचा होता, म्हणजे मिश्रण समृद्ध की विरळ एवढेच तो सांगू शके: ०.४५ व्होल्टच्या वर गेला तर समृद्ध, खाली आला तर विरळ, किती हे मात्र नाही. अशा सेन्सरच्या तारेवर स्वस्तातले रंगीत दिव्यांचे मापक बसवले, तर दिवे सुंदर नाचतात आणि नेमक्या भाराच्या वेळी सगळे समृद्ध दाखवत गोठून राहतात. लँब्डा ०.८० आणि ०.९० यांतला फरक, ज्यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते, त्यांना दिसतच नाही. रुंद पट्ट्याचा सेन्सर एका सूक्ष्म कप्प्यातील ऑक्सिजन विजेच्या साहाय्याने आतबाहेर करून ते प्रमाण कायम राखतो, आणि त्यासाठी किती प्रवाह लागला त्यावरून खरा आकडा काढतो. सुपरचार्जरची पुली बदलणाऱ्याने पैसे एकाच मापकावर खर्चायचे ठरवले, तर ते हेच असावे.

हा सेन्सर बसवण्याचे नियम कडक आहेत. त्यासाठी धुराच्या नळीला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, १८ मिलिमीटर आट्यांची बैठक वेल्डिंग करून जोडतात, आणि सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला ठेवतात, कारण थंड नळीत साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडले की त्याला चीर जाते. एकदा बसवलेला सेन्सर तारा काढून तसाच नळीत ठेवणे आणखी वाईट. त्याचा हीटर बंद असला की काजळी त्याच्यावर साचते आणि काही काळात तो खोटे बोलू लागतो.

भारतात यात एक नवी गुंतागुंत आहे. सध्या पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ नव्हे, तर सुमारे साडेतेरा भाग हवा लागते. सेन्सर मुळात लँब्डाच मोजतो आणि मापक त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवते, त्यामुळे इथेनॉलच्या पेट्रोलवर ११.८ दिसले तरी खरे प्रमाण तेवढे नसते, पण लँब्डा मात्र ०.८० हाच असतो. ज्या मापकात लँब्डाची मोजपट्टी निवडण्याची सोय आहे, त्यात तीच निवडली की इंधनानुसार मनातल्या मनात आकडे बदलत बसावे लागत नाही.

मिश्रण विरळ का होते, याचे उत्तर पुष्कळदा इंधनाच्या दाबात सापडते. टाकीतच ३.५ बारचा नियामक असलेल्या आणि परतीची नळी नसलेल्या रचनेत पेट्रोलचा दाब वातावरणाच्या तुलनेत स्थिर राखला जातो. पण इंजेक्टरच्या दुसऱ्या टोकाशी, मॅनिफोल्डमध्ये, ०.८ बार बूस्ट असताना त्याला मिळणारा खरा फरक २.७ बारच उरतो. प्रवाह हा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने इंजेक्टर १२ टक्के कमी पेट्रोल सोडतो. कारखान्याने हे मूळ बूस्टसाठी आधीच भरून काढलेले असते. पुली लहान झाली की ते पुरत नाही. इंधनाच्या दाबाचे मापक लावायचे ठरल्यास एक बंधन मात्र पाळावे, ते म्हणजे पेट्रोलची नळी कोणत्याही सबबीखाली बसण्याच्या जागेत आणू नये; सेन्सर बोनेटखाली आणि आत फक्त तार.

तेल, पाणी आणि एक पट्टा

तेलाचा दाब आणि तेलाचे तापमान ही दोन मापके जोडीनेच अर्थ देतात. थंड तेल दाट असते, त्यामुळे पहाटे गाडी चालू करताना पाच बार दाब दिसणे स्वाभाविक असते, आणि तेच तेल ११० अंशांना पातळ झाले की मंद फेऱ्यांवर एक बारच्या आसपास उतरणेही स्वाभाविक असते. दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा अमेरिकी गॅरेजांतला जुना ठोकताळा अजूनही बरा आहे. कारखान्याच्या तांबड्या दिव्यावर विसंबणे धोक्याचे, कारण तो बहुधा अर्ध्या बारच्या आसपास पेटतो, आणि पाच हजार फेऱ्यांवर तेवढा दाब उरला असेल तर बेअरिंग वाचण्याची वेळ टळून गेलेली असते. तेलाचे तापमान दुसऱ्याही दिशेने उपयोगी पडते: कूलंट दहा मिनिटांत तापते, तेलाला त्याहून बराच वेळ लागतो, आणि ८० अंश होण्याआधी सुपरचार्जरकडून पूर्ण काम घेणे टाळलेले बरे.

कूलंटच्या काट्याबद्दल कारखाने एक छोटीशी लबाडी करतात. बहुतेक आधुनिक गाड्यांत तो काटा साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, जेणेकरून घाट चढताना थोडे वरखाली झाले की ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटरला धावू नये. तो हलू लागतो तेव्हा सावधगिरीचा काळ संपलेला असतो. मिनीच्या बाबतीत हे अधिक गंभीर, कारण तिच्या रचनेत पाण्याचा पंप स्वतंत्र पट्ट्यावर नसून सुपरचार्जरच्याच मागच्या टोकाला गिअरने जोडलेला आहे. पट्टा तुटला किंवा पूर्ण घसरला, तर बूस्ट नाहीसा होतो आणि त्याच क्षणी पाणी फिरणेही थांबते. शक्ती कमी झाल्याचे चालकाला जाणवते, परंतु गाडी चालत राहते, आणि पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत हळूहळू जाऊ असे ठरवणाऱ्याचे सिलिंडर हेड वाकते. येथे बूस्टचा काटा, जो एरवी दुय्यम म्हणावा लागतो, पट्ट्याचा पहारेकरी म्हणून आपली किंमत वसूल करतो: बूस्ट शून्यावर अडकला आणि कूलंटचा आकडा चढू लागला, तर दोन बिघाड शोधण्याची गरज नाही, गाडी तिथेच बंद करायची.

बसवताना

तेलाच्या दाबाचा सेंडर, म्हणजे मापकाला विजेचा संकेत पाठवणारा सेन्सर, बसवण्यासाठी मूळ स्विचच्या जागी पितळी टी-जोड लावून एका फाट्यावर जुना स्विच आणि दुसऱ्यावर नवा सेंडर जोडण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि तीच सर्वाधिक घात करते. सेंडर वजनदार असतो, इंजिन थरथरत असते, आणि पितळ थकून आट्यांपाशी मोडते; मग सगळे तेल काही सेकंदांत रस्त्यावर. वेणीच्या पोलादी आवरणाची आखूड नळी घेऊन सेंडर बॉडीच्या पत्र्यावर कसल्यास हा धोका उरत नाही. निमुळत्या आट्यांचे जोड कसताना ते पूर्ण टेकेपर्यंत फिरवण्याचा मोह होतो, पण निमुळते आटे कधीच टेकत नाहीत, जोडच तडकतो. एकतारी सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळत असल्याने गळती थांबवण्यासाठी पांढरी टेप भरमसाट गुंडाळली, तर काटा भलतेच काही दाखवू लागतो. आणि सेंडर बॉडीच्या पत्र्यावर नेला, तर त्याच्या अंगाला इंजिनापर्यंत अर्थिंगची वेगळी तार द्यावी लागते.

विजेची जोडणी किल्ली चालू केल्यावरच जिवंत होणाऱ्या तारेवरून, स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावी. साध्या मापकाला एक-दोन अँपिअर पुरतात. रुंद पट्ट्याच्या सेन्सरचा हीटर त्याहून जास्त ओढतो, म्हणून त्याची तार वेगळी असावी. सर्व मापकांची अर्थिंग एकाच बिंदूवर आणली, तर हेडलाइट लावताच काटे सरकण्याचा नेहमीचा त्रास होत नाही. इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्याला भोक पाडल्यास त्यात रबरी ग्रोमेट हवाच, कारण पत्र्याची कड कालांतराने तारेचे आवरण कापते. तबकड्या समोरच्या काचेच्या खांबावर लावण्याची फॅशन जुनी असली, तरी ज्या गाड्यांत त्या खांबात पडद्यासारखी एअरबॅग असते तिथे ती चक्क धोकादायक आहे. मिनीचे मालक बहुधा स्टिअरिंगच्या दांड्यावर, फेऱ्यांच्या तबकडीच्या बाजूला जागा काढतात, आणि ती दृष्टीच्याही सोयीची पडते.

हे सगळे टाळून गाडीच्या निदान-सॉकेटमधून आकडे फोनवर पाहण्याचा मार्ग अनेकांना पुरेसा वाटतो. मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब, कूलंटचे व हवेचे तापमान तिथे मिळते. मात्र मिनीच्या काळातल्या गाड्यांची ही वाहिनी संथ आहे, एकाच वेळी चार-पाच आकडे मागितले की प्रत्येक आकडा सेकंदाला एखाद-दोनदाच बदलतो, आणि तेलाच्या दाबासाठी त्या प्रमाणित यादीत जागाच ठेवलेली नाही. मिनी भारतात २०१२ मध्ये अधिकृतपणे आली तोवर तिच्यातला सुपरचार्जर जाऊन टर्बो आला होता, त्यामुळे येथील बहुतेक मालकांचा संबंध त्या नंतरच्या, जलद वाहिनीच्या गाड्यांशी येतो आणि त्यांच्यासाठी फोनचा मार्ग अधिक कामाचा ठरतो.

शर्यतीच्या आणि विमानांच्या जगात मापके बसवताना तबकडी अशी फिरवून ठेवत की सर्व काही ठीक असताना प्रत्येक काटा बरोबर वर रोखलेला असे. मग आकडे वाचावे लागत नसत, कोणता काटा रांगेबाहेर आहे एवढेच पाहावे लागे. चालत्या गाडीत अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ तबकडीकडे पाहणे परवडत नाही, हे त्यामागचे गणित आजही तसेच आहे, म्हणून ठरावीक मर्यादेला दिवा पेटवणारे मापक थोडे महाग पडले तरी घ्यावे. त्या मर्यादा पुस्तकातून उचलण्याऐवजी गाडी पूर्ण निरोगी असताना, एकाच रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून तांबड्या रेषेपर्यंत पूर्ण थ्रॉटलवर गाडी नेऊन मिळालेल्या आकड्यांवरून ठरवाव्यात. ही चाचणी बंद मार्गावरच करावी आणि आकडे शेजारी बसलेल्या माणसाने टिपावेत. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत इंजिन चालू करण्याआधी किल्ली फिरवली की तेल, कूलंट आणि हवा ही तिन्ही तापमाने एकमेकांच्या दोन-तीन अंशांत आणि बूस्टचा काटा शून्यावर असायला हवा. तसे नसेल, तर गाडीत बिघाड शोधण्याआधी मापकात शोधावा.